कायमचं औषध निघालं का जी?

नमस्कार, श्रोतेहो. नागपूरच्या महाल भागात माझं औषधाचं दुकान आहे. शुगरच्या गोळ्या न्यायला येणारी माणसं पैसे देता देता हमखास विचारतात, ‘भाऊ, यावर कायमचं औषध निघालं का जी?’ मागे चार गिऱ्हाइकं ताटकळत असतात, म्हणून मी ‘अजून नाही’ एवढंच म्हणतो. आज आकाशवाणीने वेळ दिलाय, तर नीट सांगतो.

मधुमेह हा काही एकच आजार नाही. टाइप वनमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या बीटा पेशींवर उलटते. रक्तातली साखर आटोक्यात ठेवणारं इन्शुलिन बनवणाऱ्या त्याच पेशी. हा बहुधा लहानपणी किंवा तरुणपणी होतो आणि गोड खाण्याशी त्याचा काही संबंध नसतो. तरी शेजारपाजारचे त्या पोराच्या आईला ऐकवतातच, ‘लाड जास्त झाले.’ टाइप टूमध्ये इन्शुलिन असतं, पण शरीर त्याला दाद देत नाही. आपल्याकडे बहुतेकांना असतो तो हाच.

जानेवारी 1922 मध्ये टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन या 14 वर्षांच्या मुलाला इन्शुलिनचं इंजेक्शन दिलं, तोवर टाइप वनचं मूल वाचत नसे. म्हणून इन्शुलिनच्या शोधकांपैकी एक असलेल्या फ्रेडरिक बँटिंग यांचा जन्मदिवस, 14 नोव्हेंबर, जगभर मधुमेह दिन म्हणून पाळतात. पण इन्शुलिनने मूल जगतं, आजार जात नाही. आणि आपल्या नागपुरात ते सांभाळणंही सोपं नाही. पारा 45 वर गेला की औषधाची ताकद उतरते. माझ्याकडे येणाऱ्या एका बाईंच्या घरी फ्रिज नाही. त्या मोठ्या मडक्यात वाळू भरतात, त्यात लहान मडकं बसवतात, आत प्लॅस्टिकच्या डबीत मुलीच्या इन्शुलिनची बाटली. वाळू सकाळ-संध्याकाळ भिजवायची, वर ओलं फडकं. शाळेला सुट्ट्या असतात, मडक्याला नसते.

मग संशोधन कुठवर आलंय? कॅनडातल्या एडमंटनमध्ये 2000 साली डॉक्टरांनी मृत दात्यांच्या स्वादुपिंडातून इन्शुलिन बनवणाऱ्या पेशींचे पुंजके काढून टाइप वनच्या सात रुग्णांच्या यकृतात सोडले, आणि सातही जणांचं इन्शुलिन सुटलं. मोठी बातमी होती ती. पण एका रुग्णाला बहुधा एकाहून जास्त दाते लागतात. शिवाय नव्या पेशींवर शरीराने हल्ला करू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सतत घ्यावी लागतात. गाडी अडली ती इथेच. पहिल्या अडचणीवर आता मूलपेशींपासून, म्हणजे ज्यांच्यापासून वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी घडवता येतात अशा पेशींपासून, प्रयोगशाळेत बीटा पेशी घडवण्याचा मार्ग निघालाय. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत पूर्ण मात्रा मिळालेल्या 12 पैकी 10 जणांना वर्षभरानंतर इन्शुलिन लागत नव्हतं. दुसऱ्या अडचणीवर स्वीडनमध्ये, जनुकीय बदल केलेल्या दात्याच्या पेशी एका रुग्णाच्या हाताच्या स्नायूत टोचल्या, आणि त्या तसल्या औषधांशिवाय तग धरून राहिल्या. मात्रा अगदी कमी होती, त्याचं इन्शुलिन काही सुटलं नाही. पण मला विचाराल, तर यातली हीच बातमी जास्त मोलाची.

टाइप टूवाल्यांसाठी ब्रिटनमधला डायरेक्ट नावाचा अभ्यास आहे. आजार जुना न झालेल्या लोकांचं डॉक्टरांच्या देखरेखीखाली वजन उतरवलं, तर वर्षाने जवळजवळ निम्म्यांची शुगर गोळ्यांशिवाय आटोक्यात होती. वजन परत चढलं की शुगरही परत येते. आणि हे ऐकून उद्यापासून गोळ्या बंद करू नका, बरं!

थोडक्यात, उत्तर अजूनही ‘नाही’ असंच आहे, पण दहा वर्षांपूर्वीचं ‘नाही’ वेगळं होतं. खांबाखांबांवर ‘शुगर मुळापासून खलास, गॅरंटी’ असे कागद चिकटवणाऱ्यांना ही वाट पाहायला वेळ नसतो. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायला 1954 च्या कायद्याने बंदी आहे, हे किती जणांना ठाऊक असतं? खरा संशोधक बारा जणांवर यश आलं तरी ‘अजून पाहावं लागेल’ म्हणतो. गॅरंटी देणाऱ्याने किती जणांवर पाहिलं, ते एकदा विचारून बघा.

आता या संशोधनाला हातभार म्हणून आपण काय करायचं. देशात 10 कोटींवर मधुमेही आहेत, हा आकडा तुम्ही ऐकला असेल. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीतला आहे तो. त्यासाठी 1,13,043 लोकांनी उपाशीपोटी बोट टोचून घेतलं, मग आधीपासून मधुमेह ठाऊक नसलेल्यांनी ग्लुकोजचं पाणी पिऊन दोन तासांनी पुन्हा टोचून घेतलं. कुणी तरी दार उघडलं म्हणून आकडा मिळाला. तुमच्या वस्तीत ओळखपत्र घेऊन अशी टीम आली, तर ‘साहेब घरी नाहीत’ म्हणून कटवू नका.

पेशींसाठी दाते लागतात, म्हणून अवयवदानाचं घरात आधीच बोलून ठेवा. नागपुरात त्याचं काम झेडटीसीसी, म्हणजे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र पाहतं. तुम्ही फॉर्म भरला असला तरी त्या घडीला होकार घरच्यांनाच द्यावा लागतो.

आणि कधी एखाद्या डॉक्टरांनी औषधाच्या चाचणीत नाव घालता का, असं विचारलं, तर घाबरून पळूही नका आणि लगेच सहीही करू नका. चाचणीची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत आहे का, ते विचारा. ती इंटरनेटवर कुणालाही पाहता येते. संमतीपत्र मराठीत मागा आणि घरी नेऊन वाचा. मला खरं औषध मिळेल की नुसती दिसायला तशीच गोळी? अपाय झाला तर उपचार आणि भरपाई कोण देणार? मधेच सोडायचं झालं तर? सोडायचा हक्क तुम्हाला कधीही असतो, आणि त्यामुळे तुमचे नेहमीचे उपचार बंद करता येत नाहीत. हे प्रश्न कागदावर लिहून न्या. डॉक्टर चिडले, तर कागद घडी करून खिशात घाला आणि सही न करता घरी या.