माजघरातला कापूस आणि वायूचे गोळे

मंडळी, आधीच सांगून टाकतो, आज लोणारवर बोलणार नाही. आपल्याकडे आकाशाचं नाव काढलं की लोक लोणारवरच येतात. आजचा विषय वायूचे गोळे: सूर्य, गुरू, शनी. पत्रिकेत ‘अनादर्श वायू’ छापलंय, तर अध्यक्ष मला विचारतात, “काहून, यानं काय केलं बाप्पा?” काही नाही केलं. आदर्श वायू म्हणजे ज्याचे कण स्वतः जागा अडवत नाहीत, एकमेकांना ओढत-ढकलत नाहीत, असा धरलेला वायू; आदर्श शिक्षकासारखा, कागदावर फार शोभतो.

दिवाळीनंतर आमच्या माजघरात आढ्यापर्यंत कापूस भरायचे. भाव वाढेल म्हणून थांबायचं. आम्हा पोरांना वर चढवून उड्या मारायला लावायचे. कापूस दबला की आणखी मावतो. मार्चात काढायला घेतला की वरचा फुललेला, तळचा असा दडपलेला की बोट शिरत नसे. एका वर्षी कापसाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरनं बैलबंडीतून नेमकी तळच्या कापसाची मूठ ओढली आणि म्हणाला, “वल्ला हाये.” भाव पाडला. वडील सांगत राहिले, “साहेब, वल्ला नाही, दबला हाये. वरच्याचं ओझं हाये त्याच्यावर.” ऐकतो कोण! घरी येईस्तोवर वडील बैलांशीसुद्धा बोलले नाहीत. पुढे कॉलेजात वरचं ओझं आणि आतला दाब यांच्या समतोलाचं समीकरण फळ्यावर आलं, तेव्हा मला आधी तो ग्रेडर आठवला. वडील बरोबर होते, हे सांगायला मी आज उभा आहे, असंही समजा.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. आठला लाईन जाते म्हणे.

तर, गोळ्यातला प्रत्येक थर वरच्या थरांचं ओझं पेलतो, म्हणून आत जावं तसा दाब वाढतो. लेन या अमेरिकन माणसानं १८७० साली सूर्य आदर्श वायूचा धरून हे गणित मांडलं. एम्डेननं १९०७ मध्ये त्यावर अख्खा ग्रंथ लिहिला. सूर्याच्या केंद्राशी घनता पाण्याच्या दीडशेपट, तरी तिथला वायू जवळजवळ आदर्शच वागतो. दीड कोटी अंशांत अणू फुटून इलेक्ट्रॉन मोकळे झालेले; उरलेल्या कणांना स्वतःला जागा लागते ती नगण्य.

गुरू तेवढा तापलेला नाही. तिथे हायड्रोजन दबून दबून धातूसारखा होतो आणि दाब साधारण घनतेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. हा नियम समीकरणात घातला की त्रिज्येच्या उत्तरातून वस्तुमान चक्क गायब होतं! पडताळा घ्या. गुरूचं वस्तुमान शनीच्या तिपटीहून जास्त. दोघं न दबणाऱ्या, एकाच मालाचे असते, तर गुरूचा व्यास दीडपट हवा होता. आहे फक्त एक पंचमांशानं मोठा. वरून जेवढा कापूस टाकाल, तेवढा खालचा दबतो.

आपले खगोलशास्त्रज्ञ चंद्रशेखर राहिलेच. १९३० साली इंग्लंडला जाताना बोटीवर त्यांनी जे गणित सुरू केलं, त्यातून श्वेत बटूची, म्हणजे इंधन संपून आक्रसलेल्या ताऱ्याची, वस्तुमानाची मर्यादा निघाली, सूर्याच्या सुमारे १.४ पट. त्यापुढे कोणताही थर ओझं पेलत नाही. ते पुढच्या वर्षी, बोलावलंत तर.

प्रश्न? हं, मागचे दादा, बोला. लोणार? बरं, विचारा.