सर्वांत लहान रात्रीची राखण

मंडळी, नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय तो भलताच ऐसपैस आहे: अयनदिन आणि युरोपातल्या पेगन परंपरा. अयनदिन म्हणजे सूर्य वळतो तो, वर्षातला सर्वांत मोठा किंवा सर्वांत लहान दिवस, आणि पेगन म्हणजे ख्रिस्ती होण्याआधीच्या जुन्या धर्मांतलं. एवढा पसारा तासाभरात मांडायचा म्हणजे स्टोनहेंजपासून स्वीडनपर्यंत नुसती धावाधाव. ती मी करणार नाही. स्टोनहेंज तर बाजूलाच ठेवतो. ते मोठे दगड उभे राहिले त्याला साडेचार हजार वर्षं झाली आणि पांढरे झगे घालून तिथे जमणारे ड्रुइड पंथाचे लोक विसाव्या शतकातले. मधल्या काळात तिथे कोण काय म्हणत होतं, ते दगड सांगत नाहीत. त्यापेक्षा जिथे माणसांची गाणी, त्यांची भीती, त्यांचे हट्ट आपल्याला ऐकू येतात अशा एका जागी जाऊ. लिथुआनियातलं केर्नावे.

आजची राजधानी विल्निअस, तिथून पस्तीसएक किलोमीटरवर नेरिस नदीच्या काठी पाच टेकड्या आहेत. माणसांनी तासून, उंच करून त्यांचे किल्ले केलेले. तेराव्या-चौदाव्या शतकात इथे राजधानीच्या तोलाचं गाव होतं. ते १३९० मध्ये जळलं आणि पुन्हा त्या जागी उभं राहिलं नाही. आता वर नुसतं गवत आहे. २००४ पासून जागतिक वारसा म्हणून त्याची नोंद आहे.

हा देश युरोपात सगळ्यात उशिरा ख्रिस्ती झाला. राजा योगाइलाने १३८७ मध्ये बाप्तिस्मा घडवून आणला. पश्चिमेकडच्या झेमाइतिया भागात तर त्यासाठी १४१३ उजाडलं. आपल्याकडे तेव्हा देवगिरीचं राज्य जाऊन बहमनींचं बस्तान बसलं होतं, म्हणजे फार जुनी गोष्ट नाही.

आता आधी उजेडाचा हिशोब मांडू, कारण त्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. मुंबईत वर्षातला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा आणि सर्वांत लहान अकरा तासांचा. दोन-सव्वादोन तासांचा फरक सहा महिन्यांत विभागला गेला की आपल्याला जाणवतही नाही. शिवाय सूर्य आपल्या डोक्यावर येतो तो मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस. २१ जूनला बहुधा ढगच असतात, आणि ते असावेत अशीच आपली इच्छा असते. सूर्य आर्द्रा नक्षत्रात जातो तोही त्याच सुमारास. शेतकऱ्याचं लक्ष आभाळाकडे असतं खरं, पण सूर्यासाठी नव्हे. केर्नावेत मात्र हाच दिवस सव्वासतरा तासांचा असतो, आणि डिसेंबरातला सर्वांत लहान दिवस सव्वासात तासांचा. दहा तासांची तफावत! तिथल्या माणसाला हे अंगावर भोगावं लागतं. त्यामुळे या दिवसाचा सण तिथे झाला आणि आपल्याकडे झाला नाही, यात कुणाचं अध्यात्म कमी-जास्त असण्याचा प्रश्न नाही.

या सणाला तिथे रासोस म्हणतात, आणि चर्चच्या कॅलेंडरात योनिनेस, म्हणजे संत योहानाचा दिवस, २४ जून. आता हल्लीच्या भित्तिपत्रकांवर 'प्रकाशाचा उत्सव' असं काहीतरी लिहिलेलं असतं. मला ते अपुरं वाटतं. जुन्या खेड्यांतले रिवाज एकेक करून पाहिले की त्यात आनंदाइतकीच धास्ती दिसते.

विचार करा, जूनच्या तिसऱ्या आठवड्यात तिथल्या शेतात काय असतं? राय, म्हणजे तिथलं भाकरीचं धान्य, फुलून गेलेली असते, दाणा भरायचा असतो. गवत कमरेइतकं वाढलेलं असतं, कापायचं असतं. गायी भरपूर दूध देत असतात. सगळं ऐन भरात, आणि घरात अजून काहीच आलेलं नाही. अशा वेळी सूर्य वळतो. उद्यापासून दिवस लहान होणार. ज्या रात्री सगळ्यात जास्त गमावण्यासारखं आहे ती ही रात्र, आणि म्हणून ती जागून काढायची. हा सण मुळात राखणीचा आहे, असं माझं मत आहे. त्याचा जो काही आध्यात्मिक अर्थ आहे तो या राखणीतून वर आलेला आहे.

गायींचंच घ्या. समजूत अशी की या रात्री चेटकिणी शेतांवरून एक फडकं ओढत नेतात, त्यात दव टिपून घेतात आणि त्या दवाबरोबर शेजारणीच्या गाईचं दूध आपल्या घरी नेतात. म्हणून संध्याकाळीच गुरं गोठ्यात बांधायची, दाराला औषधी झुडपं खोचायची. तेच दव पहाटे घरच्या बायकांनी तोंडाला लावलं तर कांती उजळते, शेतात शिंपडलं तर पीक चांगलं येतं. दव एकच. कुणाच्या हाती लागतं यावर सगळं.

वनस्पतींचंही तसंच. दिवसाउजेडी बायका-मुली कुरणात जाऊन फुलं-पानं खुडतात. पिवळ्या फुलांचं सेंट जॉन्स वर्ट हवंच, बाकी नऊ प्रकारच्या वनस्पती जमल्या तर उत्तम. या दिवसापर्यंत झाडपाल्यात गुण चढत जातो आणि मग उतरायला लागतो, अशी श्रद्धा. बऱ्याच वनस्पतींना फुलोरा याच सुमारास येतो, तेव्हा ती अगदीच बिनबुडाची नाही. मुली मुकुटासारखी वेणी गुंफून डोक्यावर घालतात. झाडाकडे पाठ करून ती वेणी फांदीवर फेकायची. पहिल्या फेकीत अडकली तर वर्षाच्या आत लग्न, नाहीतर जितक्यांदा पडेल तितकी वर्षं थांबा! इथे मुली हसून लोळतात आणि कुणीतरी मुद्दाम वाकडं फेकते. रात्री मेणबत्ती लावून वेण्या नदीत सोडतात. ज्यांच्या वेण्या पाण्यात एकमेकींना लागतात त्यांचं जमलं.

मग शेकोटी. ती उंचावर पेटवतात. शेकोटीचा उजेड जिथवर पोचेल तिथवरची शेतं सुखरूप, ही समजूत सगळ्या बाल्टिक मुलखात आहे. जोडपी हात धरून तिच्यावरून उड्या मारतात. डांबर किंवा गवत लावलेलं गाडीचं चाक पेटवून टेकडीवरून नदीकडे सोडतात. आणि काही जण मध्यरात्री नेच्याचं फूल शोधायला रानात जातात. नेच्याला फूल येत नाही, त्याचे बीजाणू पानामागे धरतात. हे खेड्यातल्या माणसाला ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. तरी जायचं. ज्याला ते सापडेल त्याला जनावरांची भाषा कळते म्हणे. जंगलात दोघे-दोघे जाण्याला हे कारण पुरेसं आहे, असंही काही मिश्कील लोक म्हणतात.

या सगळ्यात देव कुठे आहे? आहे, पण बोलण्यापेक्षा गाण्यात. लिथुआनियन गाण्यांतला सूर्य बाई आहे, चंद्र तिचा नवरा. लग्न ठरलेल्या पोरक्या मुलीच्या गाण्यात सूर्य तिची आई होऊन रुखवत भरते आणि चंद्र बाप होऊन वाटणी देतो. आपल्या जात्यावरच्या ओव्यांत जशी माहेराची ओढ सारखी डोकावते तसाच या गाण्यांत पोरकेपणा. ईशान्य भागात सुतार्तिनेस नावाचा गाण्याचा प्रकार आहे. त्यात दोन स्वरावली एकाच वेळी, अगदी शेजारच्या सुरांवर चालतात, म्हणजे एकीने सा धरला तर दुसरी रे वर. आपल्या कानाला आधी बेसूर वाटतं. मग दोन-चार मिनिटांनी तोच घर्षणाचा आवाज घंटेसारखा घुमायला लागतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा प्रकार जवळजवळ विझला होता. २०१० पासून तो युनेस्कोच्या यादीत आहे. गाणाऱ्या बहुतेक बायका, आणि रविवारी चर्चला न चुकता जाणाऱ्या. 'पेगन' म्हणून आज जे दाखवलं जातं ते शतकानुशतकं कॅथलिक बायकांनी सांभाळलं, ही गोष्ट दोन्ही बाजूंना अडचणीची आहे.

तारखेचा घोळही मजेशीर आहे. बायबलप्रमाणे योहान येशूपेक्षा सहा महिन्यांनी मोठा. येशूचा जन्म २५ डिसेंबरला, तर योहानाचा २४ जूनला. संत ऑगस्टीनने त्याचा सुंदर उपयोग केला: योहान येशूबद्दल म्हणतो, त्याने वाढावं, मी घटावं, म्हणून योहानाच्या जन्मापासून दिवस घटतात आणि ख्रिस्ताच्या जन्मापासून वाढतात. पण जुनी ज्युलियन कालगणना घसरत गेली, आणि लिथुआनियाचा बाप्तिस्मा झाला तेव्हा खरा अयनदिन १३ जूनच्या आसपास पडत होता. म्हणजे योहानाचा दिवस तब्बल दहा-अकरा दिवस उशिरा. लोकांचं काही अडलं नाही. अयनदिनाच्या आसपास सूर्य जागचा हलतच नाही. तीन दिवसांत दिवस मिनिटभरानेही बदलत नाही, अकरा दिवसांत सातएक मिनिटं. आपणही मकर संक्रांत डिसेंबरातल्या अयनापासून सरकून जानेवारीत करतो. कारण वेगळं आहे, तिथे कालगणनेची चूक, इथे नक्षत्रांचा हिशोब. पण तिळगूळ गोडच लागतो.

आता १९६७. सोव्हिएत राजवट. विल्निअस विद्यापीठातल्या काही तरुणांनी केर्नावेच्या टेकडीवर रासोस साजरा केला. त्यांत पुढाकार योनास त्रिन्कूनास यांचा. त्याच वर्षी या मंडळींनी भारताच्या मित्रांचं एक मंडळही काढलं होतं. ज्या देशात जुने देव अजून नांदते आहेत तिकडे त्यांचं लक्ष लागलेलं होतं. (इथे भाषांमधली साम्यं सांगून टाळ्या मिळवता येतात. पण तुम्हाला ती यादी व्हॉट्सॲपवर आधीच आली असणार.) लोकगीतं म्हणायला सरकारची हरकत नव्हती, लोकगीतातल्या देवाला होती. १९७१ मध्ये त्यांच्या रामुवा मंडळावर बंदी आली, १९७३ मध्ये त्रिन्कूनास यांची विद्यापीठातली नोकरी गेली. मंडळ पुन्हा उभं राहायला १९८८ उजाडलं. १९९२ मध्ये रोमुवा नावाने त्यांच्या धर्माची नोंदणी झाली आणि २००२ मध्ये त्रिन्कूनास तिचे क्रिविस, म्हणजे मुख्य पुरोहित झाले. २०१४ मध्ये ते गेले. त्यांच्यानंतर ती जागा त्यांच्या पत्नी इनिया त्रिन्कूनिएने यांच्याकडे आली.

रोमुवाचा आजचा विधी जुन्या गावच्या सणापेक्षा नेटका आहे. हिरव्या फांद्यांच्या कमानीतून आत यायचं, पाण्याने हात-तोंड धुवायचं, मावळतीला दगडांच्या वेदीवर अग्नी पेटवायचा, त्यात धान्य, भाकरी, पेय अर्पण करायचं, आणि पहाटे उगवतीला तोंड करून गायचं. ही रचना विसाव्या शतकातली आहे. त्यातले घटक, दव, झाडपाला, अग्नी, गाणं, हे खेड्यांतून आलेले आहेत. कुणी सांगेल की ही अखंड हजारो वर्षांची परंपरा, तर मान हलवू नका. कुणी सांगेल की हे सगळं हल्ली रचलेलं सोंग, तर तिथेही हलवू नका. १९६७ ला टेकडीवर गेलेल्यांनी आपल्या आज्यांकडून गाणी घेतली आणि त्यांना आपल्या मनातला धर्म जोडला. आज्यांना गायीची आणि रायीची काळजी होती. नातवांना भाषा आणि देश हातचा जाण्याची. राखण तीच, वस्तू बदलली.

शेवटी कोर्टाचं सांगतो, कारण प्रश्न तिथवर गेला. २००१ च्या जनगणनेत या धर्माचे १,२७० लोक होते, २०११ मध्ये ५,११८. कायद्याप्रमाणे नोंदणीला पंचवीस वर्षं झाली की सरकारी मान्यता मागता येते. त्यांनी मागितली. कायदा मंत्रालय अनुकूल होतं, कॅथलिक बिशपांनी विरोध कळवला, आणि २०१९ मध्ये संसदेने नाकारली. रोमुवा युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेली. जून २०२१ मध्ये निकाल लागला की हा भेदभाव झाला. कुठला धर्म खरा आणि कुठला खोटा हे ठरवणं राज्याचं काम नाही. तरी संसदेने आणखी तीन वर्षं घेतली. डिसेंबर २०२४ मध्ये मान्यता मिळाली. त्यामुळे आता त्यांच्या पुरोहिताने लावलेलं लग्न सरकारदरबारी लग्न धरलं जातं, वेगळं नोंदणी कार्यालय गाठावं लागत नाही. रासोसच्या रात्री झाडावर वेणी अडकलेल्या मुलीची तेवढी एक खेप वाचली.