पंप, बाम आणि नागीण

नमस्कार मंडळी. फळ्यावर 'दमा आणि नागीण' वाचून एका काकांनी मला दारातच विचारलं, डॉक्टर, तुम्हाला कशाला, सर्पमित्रालाच बोलवायचं ना! हसा, पण माझी खरी तक्रार या नावापासूनच सुरू होते. नागीण म्हटलं की माणूस डॉक्टरकडे यायच्या आधी उतारा शोधतो, कुणी गेरू लावतं, कुणी मंत्र टाकतं, आणि तोंड नि शेपूट जुळली की माणूस गेला हे तर घरात सगळ्यांनाच माहीत असतं.

नाही जुळत हो ती. लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू बरा झाल्यावर कुठे जात नाही, कण्याजवळच्या नसांच्या गाठीत झोपून राहतो, आणि पुढे कधी प्रतिकारशक्तीचा पहारा ढिला पडला की एका नसेवरून कातडीपर्यंत येतो. ती नस पाठीच्या मध्यावर सुरू होते आणि पोटाच्या मध्यावर संपते, म्हणून फोडांचा पट्टा सहसा एकाच बाजूला राहतो. बाहेरून ही लागण होत नाही, जुनाच विषाणू उठतो, ही कल्पना 1965 साली नीट मांडली ती होप-सिम्पसन नावाच्या इंग्लंडमधल्या एका जीपीने, म्हणजे फॅमिली डॉक्टरने. आपल्यासारखाच गावचा डॉक्टर बरं का, 16 वर्षं स्वतःच्याच दवाखान्यातले 192 पेशंट वहीत टिपत बसला. आमच्या वहीत फक्त उधारी असते!

आता माझंच सांगतो, लाज वाटते पण सांगतो. मला दमा लहानपणापासून. घरच्यांनी दर कोजागिरीला दम्याच्या औषधाची खीर खायला नेलं, खीर छान असायची, दमा आहे तिथेच आहे. तर काही वर्षांपूर्वी, हवा बदलली आणि रात्रभर खोकला. दोन-तीन दिवसांनी डावीकडे बरगडीखाली असं काही दुखायला लागलं की कुणी तापलेली सुई फिरवतंय. आधी हार्टची भीती, मित्राकडे जाऊन ईसीजी काढला, नॉर्मल. मग मी मोठ्या रुबाबात निदान केलं, खोकून खोकून स्नायू दुखावलाय. झालं! बाम, गरम पाण्याची पिशवी, पुन्हा बाम, आणि बनियनसुद्धा अंगाला टेकवेना तरी मी आपला स्नायू स्नायू करत बसलोय. चौथ्या दिवशी बायको बाम चोळायला बसली आणि थांबली. म्हणाली, अहो, हे काय, भिजवलेल्या साबुदाण्यासारखं काय उठलंय पाठीवर? आरशात पाहिलं आणि मटकन खालीच बसलो. ती म्हणाली, पेशंट असता तर शर्ट काढायला लावला असता ना? यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही.

पुरळ येण्याआधी काही दिवस नुसतं दुखतं, आणि दमेकरी माणूस ते हमखास खोकल्याच्या खात्यावर टाकतो. पुरळ उठल्यापासून 72 तासांच्या आत विषाणूवरच्या गोळ्या सुरू झाल्या तर सगळ्यात चांगलं, माझं पुरळ पाठीवर, ते कधी उठलं कुणाला ठाऊक! 800 मिलिग्रॅमची असायक्लोव्हिर दिवसातून पाच वेळा, सात दिवस. गावाकडून मावशीचा फोन, अरे त्या अमक्याकडे जा, जुळायच्या आत जा. फोड सुकले, दुखणं मात्र पाच महिने राहिलं, कारमध्ये सीटबेल्ट लावला की डोळ्यात पाणी यायचं...

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं. आणि मुख्य विषय तर राहिलाच, म्हणजे नेहमीप्रमाणेच.

तर पटापट. मला वाटायचं दोन्ही दुखणी माझ्याच नशिबी एकत्र आली. पण अमेरिकेत मिनेसोटात, ओल्मस्टेड काउंटीत, मेयो क्लिनिकवाल्यांनी पन्नाशीपुढच्या लोकांचा अभ्यास केला, 371 नागीण झालेले आणि त्यांच्या जोडीला 742 न झालेले. पहिल्यांत 23 टक्क्यांना दमा होता, दुसऱ्यांत 15 टक्क्यांना, आणि बाकीचे फरक जुळवून घेतल्यावर दमेकऱ्यांत नागिणीची शक्यता साधारण 1.7 पट निघाली. ब्रिटनमध्ये 2014 साली दीड लाखाच्या आसपास नागिणीचे पेशंट तपासले, तिथे संबंध दिसला पण कमी, 1.2 पट. म्हणजे दमा आहे म्हणून नागीण होणारच असं मुळीच नाही, घाबरू नका. का होतं? अंदाज असा, की दम्यात प्रतिकारशक्तीचा कल ॲलर्जीकडे झुकलेला असतो, त्यामुळे विषाणूवर पहारा ठेवणाऱ्या पेशी जरा मागे पडतात. माझं आवडतं म्हणणं हेच, दमा नुसता छातीचा आजार नाही. वय हे मात्र सगळ्यात मोठं कारण, ते राहतंच. तोंडाने घ्यायच्या स्टेरॉईडच्या गोळ्यांनीही धोका वाढतो, पण म्हणून कुणी उद्यापासून दम्याचा पंप, म्हणजे इनहेलर, बंद करू नका, नाहीतर नागीण राहील बाजूला आणि ॲडमिट व्हाल दम्याने.

लस आहे. शिंग्रिक्स, 2023 पासून आपल्याकडे मिळते, पन्नाशीपुढच्यांसाठी, दोन डोस, मध्ये दोन ते सहा महिने. जिवंत विषाणू नाही त्यात. चाचण्यांमध्ये 90 टक्क्यांहून जास्त संरक्षण मिळालं. महाग आहे, एका डोसला दहा-बारा हजारांच्या घरात, मुलं विचारतात काय आणू बाबा वाढदिवसाला, तर शर्ट नको म्हणा. नागीण होऊन गेलेल्यांनीही बरं झाल्यावर घेता येते, मी घेतली, दंड दोन दिवस दुखला. आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या.

बरं, चहा आलाय. पाठ दाखवायची असेल त्यांनी चहानंतर, आणि शर्ट काढूनच दाखवा.