बोरीबंदरच्या चौकातील दोन इमारती आणि त्यांचा एकच वास्तुविशारद

नमस्कार. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आणि त्याच्या समोरचे महानगरपालिकेचे मुख्यालय या दोन्ही इमारती फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी रचल्या, आणि या वास्तुविशारदाची दृष्टी कशी बदलत गेली हे त्यांच्या घुमटांवरून वाचता येते.

1847 मध्ये इंग्लंडमधील बाथ येथे जन्मलेले स्टीव्हन्स 1867 मध्ये सार्वजनिक बांधकाम खात्याच्या नोकरीसाठी भारतात आले, प्रथम पुण्यात आणि मग मुंबईत. आज राज्य पोलीस मुख्यालय असलेले खलाशांचे वसतिगृह हे त्यांचे पहिले नाव कमावणारे काम. त्यानंतर ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने आपल्या टर्मिनसची जबाबदारी त्यांच्यावर सोपवली.

1878 मध्ये सुरू झालेले हे बांधकाम दहा वर्षे चालले. लंडनच्या सेंट पॅन्क्रस स्थानकाची ही नक्कल आहे असे सर्रास म्हटले जाते. साम्य आहेच, पण टोकदार कमानी आणि उंच मनोऱ्यांच्या व्हिक्टोरियन गॉथिक शैलीतील मुख्य भागावर अष्टकोनी, फासळ्यांचा दगडी घुमट चढवण्याचे धाडस त्या स्थानकात नाही. घुमटाच्या शिखरावर मशाल उंचावणारी प्रगतीची मूर्ती आहे, तर खालचे मोर, माकडे आणि पानाफुलांचे कोरीवकाम जे. जे. कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी आपले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली साकारले. सीताराम खंडेराव वैद्य आणि एम. एम. जनार्दन या स्टीव्हन्स यांच्या सहायक अभियंत्यांची नावे मात्र रोज या स्थानकातून जाणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असतात, ही मला खटकणारी गोष्ट आहे.

1884 मध्ये सरकारी नोकरी सोडून स्टीव्हन्स यांनी स्वतंत्र व्यवसाय सुरू केला. 1893 मध्ये पूर्ण झालेल्या महापालिकेच्या इमारतीत गॉथिक कमानींवर त्यांनी पौर्वात्य वळणाचा, कांद्याच्या आकाराचा घुमट बसवला. माझ्या मते त्यांची सर्वांत आत्मविश्वासपूर्ण रचना हीच, टर्मिनस नव्हे. चर्चगेटला आज पश्चिम रेल्वेचे मुख्यालय असलेल्या, 1899 मध्ये पूर्ण झालेल्या इमारतीत तेच मिश्रण अधिक संयमाने येते.

मार्च 1900 मध्ये मलेरियाने त्यांचे मुंबईतच निधन झाले आणि शिवडीच्या दफनभूमीत त्यांचे दफन झाले. त्यांचे चिरंजीव चार्ल्स हेही वास्तुविशारद होते. 1933 मध्ये कुलाब्यात उघडलेल्या रीगल चित्रपटगृहासाठी त्यांनी वडिलांची शैली पूर्णपणे बाजूला ठेवून ठळक भौमितिक रेषांची आर्ट डेको शैली निवडली.