पाणपोईचा पेला

(वाचन प्रेरणा दिनी शालेय ग्रंथपालांपुढे केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

नमस्कार. आज १५ ऑक्टोबर २०२५, कलामसाहेबांचा जन्मदिवस, आपला वाचन प्रेरणा दिन. दिवाळीची सुट्टी तोंडावर असतानाही तुम्ही सगळे आलात. पाऊण तासच आहे, तेव्हा सरळ विषयालाच हात घालते.

पत्रिकेत विषय छापलाय, ‘शालेय ग्रंथालयात कमी खर्चाचा, सुरक्षित सार्वजनिक संगणक’. तो कसा बसवायचा ते सांगणारच आहे. पण आधी कालचं सांगते. काल, १४ तारखेला, मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा आधार संपवला, म्हणजे नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या येणं थांबलं. ज्यांच्या शाळेत अजून विंडोज १० चालतं त्यांनी हात वर करा बघू. बघा, जवळजवळ सगळेच. विंडोज ११ ला यंत्रात टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, आणि आपल्या शाळांतल्या दहा-बारा वर्षं जुन्या संगणकांत ती बहुतेक नसते. मग आता काय होणार? मार्चअखेरपर्यंत निर्लेखनाचे, म्हणजे जुनं सामान यादीतून काढून टाकायचे, प्रस्ताव तयार होतील, डेडस्टॉक रजिस्टरात लाल शाईची रेघ पडेल आणि चांगले चालते संगणक टेम्पोत बसून भंगारात जातील. ती रेघ पडू देऊ नका, एवढं सांगायला मी सातारा जिल्ह्याच्या त्या टोकाहून आले आहे. त्यातले दोन तरी संगणक ग्रंथालयासाठी मागून घ्या.

मागितलेत की पहिला प्रश्न ठरलेला असतो. ‘मुलं बिघडवतील, त्याची जबाबदारी कोण घेणार?’ या प्रश्नाचं उत्तर मला एसटी स्टँडवर मिळालं. उन्हाळ्यात आपल्याकडे पाणपोई लागते. रांजण असतो, आणि स्टीलचा पेला साखळीनं बांधलेला असतो. त्या साखळीचा अपमान वाटून कुणी तहानेलं परत गेलंय असं तुम्ही कधी पाहिलंय? साखळी आहे म्हणूनच तो पेला रात्रंदिवस उघड्यावर राहू शकतो. साखळी नसती तर तो पेला कुणाच्या तरी कपाटात गेला असता, किल्ली एकाकडे आणि पाणी कुणालाच नाही. जुन्या युरोपात ग्रंथालयातली मोलाची पुस्तकं अशीच साखळीनं फळीला बांधत. इंग्लंडमध्ये हेरफर्डच्या कॅथीड्रलमध्ये तसं ग्रंथालय अजून जपून ठेवलंय. आपले ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन त्या साखळ्यांवर टीका करतात, आणि १९३१ साली मांडलेल्या त्यांच्या पाच सूत्रांतलं पहिलंच आहे, पुस्तकं वापरासाठी असतात. त्यांच्याबद्दल अपार आदर ठेवून मी एवढंच म्हणेन की साखळीतलं पुस्तक उभ्या उभ्या तरी वाचता येतं. काचेच्या कपाटातल्या पुस्तकाचा फक्त कणा दिसतो. आपल्या शाळांत साखळ्या कधीच नव्हत्या, कपाटं मात्र भरपूर आहेत.

मी आधी ज्या शाळेत होते तिथे एका योजनेतून दहा संगणक आले होते. त्यांच्यासाठी खोली रंगवली, पडदे लावले, चपला बाहेर काढायचा नियम केला. प्रत्येक संगणकाला प्लॅस्टिकचा झगा, आणि दारावर पाटी, ‘हात लावू नये’. किल्ली कार्यालयात. भिंतीवर संगणकाच्या भागांचा तक्ता होता. मुलं तो पाठ करायची आणि परीक्षेत चित्र काढायची. आठवीतल्या एका मुलीनं इतकं सुरेख चित्र काढलं होतं की ते वर्षभर फलकावर लावलं होतं. माऊस, त्याची वायर, त्यावरची दोन बटणं, सगळं अगदी प्रमाणात. पुढे तपासणी होती म्हणून खोली उघडली आणि तिला पुढे बोलावलं. तिनं माऊस उचलला आणि पडद्यावर टेकवला. जिथे बाण दिसत होता, बरोबर तिथे. तिचा तर्क चुकीचा नव्हता. तिला कुणी तो टेबलावर सरकवू दिलाच नव्हता. मागे मुलं हसली, आणि ती जागेवर जाऊन बसली ती बेल होईपर्यंत मान खाली घालूनच. मला ती अजून दिसते. त्यातले बरेच संगणक त्या झग्यांतच म्हातारे झाले.

म्हणून सध्याच्या शाळेत आले तेव्हा कार्यालयातला एक जुना संगणक मागून घेतला आणि ग्रंथालयात खिडकीजवळ मांडला. कुलूप नाही, झगा नाही, नियम नाहीत. आठ दिवसांत पडद्यावर आवडत्या नटाचा फोटो आला. दुसऱ्या आठवड्यात कुणाची तरी बोटं कंट्रोल, ऑल्ट आणि बाणाच्या कळीवर एकदम पडली आणि अख्खा पडदा उलटा झाला. मधल्या सुट्टीत बघते तर पाच-सहा मुलं माना वाकड्या करून ज्वालामुखीची माहिती वाचतायत. वाचायची थांबली नव्हती, हे मला फार आवडलं. पण महिन्याभरात यंत्र पेनड्राइव्हवरून आलेल्या व्हायरसनं इतकं भरलं की सुरू व्हायला वीस मिनिटं घ्यायला लागलं. झालं, बैठकीत ठरलं, संगणक खोलीत हलवा आणि कुलूप लावा.

आमचा एक माजी विद्यार्थी पुण्यात कंपनीत आहे. तो गणपतीला गावी आला होता. त्याला सगळं सांगितलं तर म्हणाला, ‘बाई, कुलूप दाराला लावू नका, आतल्या फाइलींना लावू.’ त्यानं विंडोज काढलं, तिच्या जागी लिनक्स ही फुकट प्रणाली टाकली आणि वाचकाचं खातं असं बांधलं की संगणक बंद करून पुन्हा सुरू केला की दिवसभरातलं सगळं विसरतो. सकाळी कोरी पाटी.

दुसऱ्याच दिवशी सातवीतला एक मुलगा रडवेला होऊन आला. ‘बाई, माझ्याकडून बिघडला.’ म्हटलं, बंद कर, परत चालू कर. केला. होता तसा समोर उभा! त्यानं माझ्याकडे पाहिलं, यंत्राकडे पाहिलं, आणि विचारलं, ‘म्हणजे कायपण दाबलं तरी चालतंय?’ चालतंय, म्हटलं. तो पळत गेला आणि चार जणांना घेऊन आला. पुढचा आठवडाभर मधल्या सुट्टीत त्यांचा एकच उद्योग, हा संगणक कसा बिघडतो ते शोधणं.

मी एक शंभर पानी वही घेतली, तिच्यावर लिहिलं ‘फटी’. मुलानं फट शोधली की मी तारीख घालून, त्याचं नाव लिहून नोंद करायची आणि रविवारी पुण्याला फोन लावायचा. पहिली फट, ऑल्ट आणि एफ-४ दाबलं की ब्राउझर बंद होऊन रिकामा पडदा येतो. उपाय, बंद झाला की आपोआप पुन्हा उघडेल अशी सोय. दुसरी, कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-२ दाबलं की काळा पडदा येऊन नाव-पासवर्ड मागतो. तीही बुजवली. तिसरी एका सहावीतल्या मुलीनं शोधली, आणि ती पुण्याच्या त्या मुलालाही सुचली नव्हती. छपाईची खिडकी उघडायची, तिथे ‘फाइल म्हणून जतन करा’ निवडायचं, की आतले सगळे फोल्डर दिसतात! तिचं नाव मी वहीत मोठ्या अक्षरांत लिहिलं. अशा सतरा फटी निघाल्या. ज्यांना आपण बिघडवणारी मुलं म्हणतो त्यांनीच ते यंत्र पक्कं केलं, आणि नंतर पाचवीची मुलं आली की हीच मंडळी त्यांना सांगायची, ‘भिऊ नको, हा विसरतो.’

इथे एक गोष्ट आठवते. २६ जानेवारी १९९९ ला सुगत मित्रा या संशोधकांनी दिल्लीत कालकाजीला कार्यालयाच्या भिंतीत संगणक बसवला आणि पलीकडच्या झोपडपट्टीतल्या मुलांना मोकळा ठेवला. त्या मुलांनी पडद्यावरच्या बाणाला ‘सुई’ आणि वाळूच्या घड्याळाला ‘डमरू’ म्हटलं. किती नेमके शब्द आहेत! मुलं आपापली शिकतात हे खरंच आहे. पण माझा अनुभव असा, की शेजारी एक मोठं माणूस हवं. शिकवायला नको, ‘अरे वा, हे कसं केलंस?’ असं विचारायला हवं. ते माणूस आपण, ग्रंथपाल.

आणि एक तक्रार सांगतेच, कारण ही तुमच्यावरही येणार. दर सोमवारी आमचा संगणक म्हणायचा, ‘हे पान सुरक्षित नाही.’ एकही संकेतस्थळ उघडायचं नाही. दुरुस्तीवाले आले, मदरबोर्ड गेला म्हणाले, साडेचार हजारांचा अंदाज देऊन गेले. दीड महिना यंत्र बंद. शेवटी त्याच सातवीतल्या मुलानं कोपऱ्यातली तारीख दाखवली, ‘बाई, हा २००९ मध्ये आहे.’ आतला घड्याळाचा सेल संपला होता. शनिवारी मेन स्विच बंद केला की तारीख मागे जायची, आणि तारीख चुकली की सुरक्षित पानांची प्रमाणपत्रं जुळत नाहीत. सीआर २०३२, बटणासारखा गोल सेल, तीस रुपये. दीड महिना तीस रुपयांसाठी! घरी जायच्या आधी दुकानातून दोन सेल घेऊनच जा.

चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं उरली. ठीक आहे, आता भरभर सांगते, लिहून घ्या.

यंत्र. दोन कोअरचा कुठलाही जुना संगणक, ४ जीबी रॅम. जुनी हार्डडिस्क काढा, तिच्या जागी १२८ जीबीची एसएसडी, म्हणजे फिरती चकती नसलेली डिस्क, घाला, वेगात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. आतली धूळ ब्रशनं काढा, पालींसाठी मागच्या भोकांना जाळी लावा. रास्पबेरी पायबद्दल बरेच जण विचारतात. २०१२ साली ३५ डॉलरला निघालेली ती छोटी, एका पाटीवरच अख्खा संगणक असलेली वस्तू गुणी आहे, पण पॉवर, कार्ड, डबी असं सगळं धरलं की आपला जुना संगणक स्वस्त पडतो. शिवाय वीज अचानक गेली की तिचं कार्ड खराब होतं. घेतलीच तर सेटिंगमधली ओव्हरले फाइल सिस्टीम चालू करा, म्हणजे कार्डवर काही लिहिलंच जात नाही.

आत डेबियन किंवा लिनक्स मिंट, दोन्ही लिनक्सचेच प्रकार, दोन्ही फुकट. खाती दोनच, एक तुमचं पासवर्डवालं, एक वाचकाचं, पासवर्डशिवाय आपोआप उघडणारं आणि बंद केल्यावर सगळं विसरणारं. त्यात क्रोमियम ब्राउझर किऑस्क पद्धतीनं, म्हणजे दुसरं काही न दिसता पूर्ण पडदाभर. बंधनं एका छोट्या पॉलिसी फाइलीत लिहायची. आधी सगळी संकेतस्थळं बंद, मग हवी तेवढी उघडी. छपाई आणि डाउनलोड बंद. बायॉसला, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या मूळ सेटिंगला, पासवर्ड, पेनड्राइव्हवरून सुरू होणं बंद. यंत्राचा डबा लाकडी पेटीत, पेटीला हवा जायला फटी. या फटी ठेवायच्या! पडदा तुमच्या टेबलाकडे तोंड करून ठेवा, त्याहून चांगली चाळणी बाजारात मिळत नाही.

उघडं काय ठेवायचं? पहिल्या पानावर आपल्याच ग्रंथालयाची सूची. त्यासाठी कोहा ही ग्रंथालयाची आज्ञावली आहे, न्यूझीलंडच्या एका ग्रंथालयानं २००० साली सुरू केलेलं, माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. मग बालभारतीची पुस्तकं, मराठी विश्वकोश, जो आमच्या शेजारी वाईत घडला, आणि शिकागो विद्यापीठानं ठेवलेले मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे यांचे कोश. आजीच्या तोंडचा शब्द मोल्सवर्थमध्ये सापडला की मूल कसं उजळतं ते बघाच. इंटरनेट जाणारच, म्हणून किविक्स हे इंटरनेटशिवाय वाचायचं साधन टाका आणि मराठी विकिपीडिया डिस्कवरच उतरवून ठेवा, लाईन नसली तरी वाचता येतो.

टंकलेखन. इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीचा कळफलक, चालू करा आणि कळांवर मराठी अक्षरांचे स्टिकर लावा. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. मुलं पंधरा दिवसांत शिकतात. ळ शिफ्ट-एन वर आहे, पहिल्या दिवशी सगळी तेच विचारतात. यंत्राची भाषा मराठी ठेवा, हिंदी नको, म्हणजे नोटो टंकात ल आणि श आपल्या वळणाचे दिसतात.

शेवटचं, आणि यात तडजोड नको. मुलांची ईमेल खाती उघडू नका, लॉगिन मागू नका, कुणी काय शोधलं त्याची यादी ठेवू नका. विदा (डेटा) संरक्षणाचा २०२३ चा कायदा १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूलच मानतो आणि त्याची माहिती घ्यायची तर पालकांची संमती मागतो. पण कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं. वयात येणाऱ्या मुलीला एखादी गोष्ट विचारायची असते, आणि ती कुणाला कळू नये असं वाटत असतं.

वेळ संपली. बाहेर चहाशेजारी दोन संगणक मांडलेत, एक निर्लेखनातून सोडवलेला आणि एक रास्पबेरी पाय. ‘फटी’ची वहीसुद्धा आणली आहे, तिच्यात अठराव्या नोंदीची जागा रिकामी आहे. चहाचा कप दुसऱ्या टेबलावर ठेवा आणि बिघडवून दाखवा.