हप्त्याची तारीख

नमस्कार श्रोतेहो.

गावाकडच्या गरीब घरात सरकारचे पैसे थेट खात्यावर जमा व्हायला लागले. त्यानं त्या घराचा रोजचा दिवस किती बदलला, यावर आज बोलायचं आहे. मी बँकेतला माणूस. नोकरीची बहुतेक वर्षं सोलापूर जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांच्या शाखांमध्ये गेली. त्यामुळे योजनांची भाषणं कमी ऐकली आणि "सायेब, पैसं पडलं का बघा की" हे वाक्य फार ऐकलं.

आधी रकमा बघू. पीएम किसानचे वर्षाला ६००० रुपये, तीन हप्त्यांत, २०१९ पासून. त्यावर राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे तेवढेच, २०२३ पासून. निराधारांना आणि श्रावणबाळ योजनेतल्या म्हाताऱ्यांना महिना १५०० रुपये. गावात त्याला 'पगार'च म्हणतात. आणि जुलै २०२४ पासून लाडक्या बहिणीचे १५००. शहरातला माणूस हे आकडे ऐकून म्हणतो, एवढ्याशात काय होतं? एका रकमेकडे बघितलं तर त्याचं खरं आहे. पण खेड्यातल्या घराची अडचण पैसा कमी असण्याची असते, तशीच तो वेळेवर नसण्याचीही असते.

आपला जिल्हा रब्बीचा. ज्वारी घरात येते शिमग्याच्या आसपास. ऊसतोडीचे पैसे दिवाळीनंतरच्या हंगामात. मग ज्येष्ठ-आषाढात घर रिकामं होतं. नेमकी तेव्हाच शाळा उघडते, पेरणीचं बघायचं असतं, घर गळायला लागतं. अशा वेळी दोन-तीन हजारांसाठी बाई कुणाकडे जाते? महिन्याला शेकडा पाच किंवा शेकडा दहा व्याज घेणाऱ्याकडे. नाहीतर नवरा ऊसतोडीच्या मुकादमाकडे जातो आणि दिवाळीनंतरच्या कोयत्याची आगाऊ उचल आषाढातच घेऊन बसतो. म्हणजे जूनमधल्या वह्या-दप्तरापायी थंडीतली मजुरी आधीच विकून झालेली असते. हजार-दीड हजार रुपये त्या महिन्यात हातात असले, तर निदान वह्यांसाठी कुणाच्या दारात उभं राहावं लागत नाही. उचल त्यानं सुटत नाही, ती मोठी गोष्ट आहे. पण बारीकसारीक कर्जाची साखळी कुठंतरी तुटते.

दुसरा बदल किराणा दुकानात दिसतो. गरीब माणूस महाग खरेदी करतो, हे आपण फारसं लक्षात घेत नाही. दहा रुपयांचं तेल, पाच रुपयांची चहापत्ती, आणि तेही उधारीवर. उधारीच्या गिऱ्हाईकाला भाव विचारता येत नाही, माल निवडता येत नाही, समोरच्या दुकानात जाता येत नाही. हातात रोख आली की पहिल्यांदा वही मिटवली जाते. काउंटरवर बायका हेच सांगायच्या, आधी दुकानदाराचं देऊन येते, मग बाकीचं. वही मिटली की लिटरभर तेल एकदम येतं, आणि तोच दुकानदार "बसा मावशी" म्हणतो. सासूच्या बीपीच्या गोळ्यांचं पाकीट पूर्ण येतं. एरवी मेडिकलवाल्याला पाकीट कापून मागायचं, चार दिवसांच्या गोळ्या आणायच्या आणि पाचव्या दिवशी डोकं गरगरलं की उपवासामुळे झालं म्हणायचं. त्यात मार्च २०२३ पासून बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झालं. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या आणि तालुक्याच्या दवाखान्यात जायला नवऱ्याची परवानगी लागली तरी त्याचे पैसे लागेनात.

आता नेहमीचा आक्षेप: फुकटचा पैसा दारूत जातो. जात असेल काही घरांत, मी नाही म्हणत नाही. पण जागतिक बँकेच्या दोन अभ्यासकांनी २०१४ साली जगभरातले १९ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा रोख मदतीमुळे दारू-तंबाखूवरचा खर्च वाढतो असं त्यांना दिसलं नाही. दारुड्याला दारूचे पैसे नेहमीच मिळतात, योजना असो वा नसो. आपल्याकडे तर लाडक्या बहिणीचे पैसे बाईच्या खात्यावर येतात. ते काढायला आधी तिचा अंगठा लागतो.

पुढचा आक्षेप बागायतदारांचा. खुरपायला, द्राक्षाच्या कामाला बाया येईनात म्हणे. ही तक्रार मी सहानुभूतीनं ऐकतो, शेतकऱ्याचंही जमत नाही हे मला माहीत आहे. पण कोणत्याही मजुरीला "हो" म्हणणारी बाई दर विचारायला लागली, तर तिला आळशी कसं म्हणायचं? मध्य प्रदेशात २०११च्या सुमारास कष्टकरी बायकांच्या 'सेवा' संस्थेनं काही गावांत सगळ्यांनाच महिन्याला रोख देऊन बघितलं. मोठ्या माणसाला आधी २००, नंतर ३०० रुपये, आणि मुलाला त्याच्या निम्मे. तिथं लोक घरी बसले नाहीत. दुसऱ्याच्या बांधावरची मजुरी कमी करून ते स्वतःच्या तुकड्यात जास्त राबले, बी-बियाणं आणलं, शेरडं घेतली.

म्हाताऱ्या श्रोत्यांना बाहत्तरचा दुष्काळ आठवत असेल. खडी फोडायची, मजुरी घ्यायची, पोरांना सुकडी. आणि मिलो! ज्या मुलखात मालदांडी ज्वारी पिकते, त्या मुलखानं परदेशातून आलेली ती लाल ज्वारी गिळली. मिलोनं जीव वाचवले, त्याला नावं ठेवायला मी बसलो नाही. पण तेव्हा काय खायचं ते देणाऱ्यानं ठरवलं होतं. सप्टेंबर २०२५मध्ये सीना नदीला पूर आला, तेव्हाही मदतीच्या गाड्या भरभरून आल्या. त्यांचे उपकारच. पण कुणाचं गोठ्यातलं जनावर गेलेलं, कुणाच्या पोरीची पुस्तकं भिजलेली, कुणाची पाण्याची मोटार वाहून गेलेली. या तिघांची गरज एकाच पिशवीत बसत नाही. रोख पैशाचा मोठा गुण हाच, की घराला काय हवं ते घरातलाच माणूस ठरवतो.

रक्कम एकदम द्यावी की महिन्याला, यावरही प्रयोग झालेत. आफ्रिकेत केनियाच्या पश्चिम भागात एका संस्थेनं गरीब कुटुंबांना मोबाइलवरून पैसे पाठवले. काहींना महिन्याला, काहींना एकगठ्ठा. महिन्याला मिळालेल्यांच्या ताटात फरक पडला. एकगठ्ठा मिळालेल्यांनी टिकाऊ वस्तू घेतल्या, गवताच्या छपराऐवजी पत्रा घातला. पुढं त्याच देशात बारा वर्षं दरमहा पैसे देण्याचा प्रयोग सुरू झाला. तिथं लोकांनी काय करावं? आपापसांत गट केले, महिन्याला प्रत्येकानं काही रक्कम टाकायची आणि पाळीपाळीनं एकेकानं सगळी उचलायची. ही तर आपली भिशी! आपल्याकडेही लाडक्या बहिणीतले पाचशे भिशीत टाकणाऱ्या बायका आहेत. एक शिलाई मशीन घेते, एक शेळी, एक पोरीच्या कॉलेजची फी भरते. अर्थशास्त्रज्ञांनी त्यांना शिकवलेलं नाही.

पण महिन्याची भिशी लावायला महिन्याची खात्री लागते. माझं सगळं म्हणणं इथं येऊन ठेपतं. पीएम किसानचा हप्ता चार महिन्यांच्या खिडकीत कधीही येतो. लाडक्या बहिणीचा कधी महिनाअखेर, कधी पुढच्या महिन्यात, कधी सणाच्या तोंडावर. निवडणूक जवळ असली की चपळाई येते, ती वेगळी. तारीख हुकली की बाई पुन्हा वहीवर जाते, पुन्हा दहा रुपयांचं तेल. कर्ज देणाऱ्या फायनान्स कंपनीचा माणूस मात्र ठरल्या वारी वसुलीला दारात हजर. सरकारचा महिन्याचा हप्ता यायच्या आधी कर्जाचा आठवड्याचा हप्ता जातो. आणि आता तर योजनेच्या भरवशावर जादा कर्ज उचललेली घरं आहेत. तिथं सरकारचे पैसे येतात आणि चूल न बघता परस्पर निघून जातात.

निराधार योजनेचं तर बोलायलाच नको. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याचा दाखला लागतो. म्हणजे अख्ख्या घरानं दिवसाला साठ रुपयांच्या आत जगायचं. वर्षाचा 'पगार'च १८,००० होतो! असा नियम ठेवला की खरं बोलणारी विधवा बाहेर राहते. केंद्राच्या वृद्धापकाळ पेन्शनमधला साठ ते एकोणऐंशी वर्षांच्या माणसांचा महिना २०० रुपयांचा वाटा तर कित्येक वर्षं तिथंच आहे. दोनशेला आज काय येतं, ते ऐकणाऱ्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

आणि पैशानं सगळं होत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर नसेल, तर दीड हजार खासगी दवाखान्याच्या पहिल्या फेरीतच संपतात. टँकर आला नाही, तर खात्यातली शिल्लक पिता येत नाही. रोख मदत देतो म्हणून दवाखाना आणि शाळेचा खर्च आवरता घेऊ, असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका.

माझी मागणी फार मोठी नाही. एसटीच्या स्टँडावर गाडीची वेळ लिहिलेली असते, तशी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर प्रत्येक योजनेच्या हप्त्याची तारीख लिहा. उशीर होणार असेल तर तेही लिहा. दीडशे-दोनशे रुपये वाढवून देण्याच्या घोषणेपेक्षा त्या तारखेनं बाईचं घर जास्त सावरेल.

तोवर एक कामाची गोष्ट. हे पैसे तुमच्या आधारला शेवटी जोडलेल्या बँक खात्यात जातात, तुम्ही रोज वापरता त्या खात्यात जातीलच असं नाही. कितीतरी मावश्यांना "आलं नाही, आलं नाही" म्हणत हेलपाटे घालताना मी बघितलंय, आणि पैसे मात्र कधीकाळी उघडून विसरलेल्या दुसऱ्याच बँकेच्या खात्यात साठलेले. तेव्हा बँकेत गेलात की आधार कोणत्या खात्याला जोडलंय ते एकदा विचारा. गावात बँकेच्या वतीनं पैसे देणाऱ्या बँक मित्राकडे अंगठा लावलात की पावती मागा, आणि पावतीवरची शिल्लक शाळेत जाणाऱ्या नातीकडून वाचून घ्या. नमस्कार.