होडीतून आलेली नावं

[दृश्य: हनालेईचं खोरं, ड्रोनवरून]

हे चौकोन चौकोन दिसतायत ना, पाणी भरलेले, हिरवेगार, ते भात नाही, ते अळू आहे. हवाईच्या बेटांपैकी कौआई बेटावरचं हे हनालेईचं खोरं, आणि कोकणातल्या खाचरांसारखी ही जी खाचरं आहेत त्यांना इथे लोई म्हणतात. अळूला म्हणतात कालो. सामोआत हाच शब्द तालो, न्यूझीलंडच्या माओरी लोकांत तारो. हवाईच्या भाषेत जुन्या 'त'चा 'क' झाला, एवढं फक्त लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

[दृश्य: पान जवळून, मग मुळासकट उपटलेलं रोप]

पानाला जिथे देठ येऊन मिळतो ती जागा बघा, तिचं नाव पिको, म्हणजे बेंबी. मधली मोठी अळकुडी ती माकुआ, म्हणजे आईबाप. तिच्या बाजूला फुटलेली पिल्लं ती ओहा, आणि कुटुंबासाठी हवाईत जो शब्द आहे, ओहाना, तो या ओहावरूनच आला असं इथली मंडळी सांगतात. कोवळी पानं म्हणजे लुआउ, त्यांच्यावरून अख्ख्या मेजवानीला लुआउ म्हणायला लागले.

आणि हे उगाच नाही. कथा अशी आहे की वाकेआ आणि होओहोकूकालानी यांचं पहिलं बाळ मेलेलंच जन्माला आलं, त्याला घराशेजारी पुरलं आणि तिथून पहिलं कालो उगवलं. त्याचं नाव हालोआ. मग दुसरा मुलगा झाला तो जगला, त्यालाही थोरल्याचंच नाव ठेवलं, हालोआ, आणि सगळे हवाईयन त्याचे वंशज. म्हणजे अळू हा थोरला भाऊ. आता पाटावर उकडलेल्या अळकुड्या कुटून पोई करणाऱ्या या आजोबांचे हात बघा.

[दृश्य: वेगवेगळ्या जातींचे देठ आणि पानं]

जातींची नावं तर बघतच राहावीत अशी. देठावर पट्टे असलेल्या या जाती मानिनी, कारण मानिनी नावाच्या माशाच्या अंगावर असेच पट्टे असतात. पांढऱ्या ठिपक्यांच्या पानाची ही एलेपायो, ते इथल्या जंगलातल्या एका छोट्या पक्ष्याचं नाव. आणि धुरकट रंगाची ही उआही-आ-पेले, म्हणजे ज्वालामुखीच्या देवीचा, पेलेचा धूर. ज्यांनी ही नावं ठेवली त्यांनी मासा, पक्षी, ज्वालामुखी सगळं रोज बारकाईने बघितलेलं होतं, पुस्तकात वाचून अशी नावं सुचत नाहीत.

[दृश्य: दोन होड्या जोडलेलं शिडाचं जहाज, मोकळा समुद्र]

साधारण आठशे ते हजार वर्षांपूर्वी पॉलिनेशियन, म्हणजे दक्षिणेकडच्या पॅसिफिक बेटांवरचे, दर्यावर्दी अशा जोडहोड्यांतून इथे आले, ताऱ्यांवर आणि लाटांवर दिशा ओळखत. बरोबर दोनेक डझन झाडं आणली, केळी, ऊस, नारळ, हळद, कंद, आणि त्यांची नावंही. हळदीला म्हणतात ओलेना, त्यातलं लेना म्हणजे पिवळं. रताळं म्हणजे उआला, माओरीत कूमारा, आणि दक्षिण अमेरिकेत अँडीजच्या बाजूच्या जुन्या भाषांमध्ये त्याला कुमार, कुमाल असं म्हणत. रताळं मूळचं तिकडचंच. कोलंबसच्या आधी पॉलिनेशियन लोकांचा त्या किनाऱ्याशी संबंध आला होता, त्याची एक मोठी साक्ष हे नाव देतं.

[दृश्य: कोआचं जंगल, मग जुनं झाड खालून वर]

पण इथे उतरल्यावर समोर जे जंगल होतं ते जगात दुसरीकडे कुठेच नव्हतं, मग त्याला काय म्हणायचं? मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच आहे. हे झाड कोआ, बाभळीच्या गोतातलं, लहान रोपाला बाभळीसारखी बारीक पानं आणि मोठं झालं की ही लांबट वाकडी. कोआ म्हणजे शूर, योद्धा. आता ते 'त'चं 'क' आठवा, कोआ म्हणजे मूळचं तोआ, आणि ताहितीत, सामोआत तोआ कशाला म्हणतात, तर सुरूला! आपल्या समुद्रकिनाऱ्यांवर रांगेने उभा असतो तोच सुरू. त्याचं लाकूड लोखंडासारखं, भाले आणि गदा त्याच्याच, म्हणून झाड आणि योद्धा दोघांना एकच शब्द. हवाईत सुरू नव्हता, कठीण लाकडाचं हे झाड दिसलं, लोकांनी ते नाव त्याला दिलं आणि त्याच्याच होड्या कोरल्या. पुढे एकोणिसाव्या शतकात खरा सुरू इथे आणून लावला तेव्हा त्याचं नाव आधीच दुसऱ्याचं झालेलं होतं, त्याला इंग्रजी पाइनवरून पाइना म्हणायला लागले.

[दृश्य: काळा लाव्हा, त्यातून वर आलेलं लाल फुलांचं झाड]

थंड झालेल्या लाव्हावर सुरुवातीलाच येणाऱ्या झाडांपैकी हे, ओहिआ. फूल लेहुआ. ओहिआ हे नावसुद्धा जुन्या मुलखातलं, तिथे ते जामाच्या झाडाचं, दोघांच्या फुलांत हे असे लाल केसरांचे झुबके, आणि कुळही एकच, जांभळाचं. नंतर टोमॅटो आला तर त्यालाही ओहिआ लोमी म्हणून टाकलं.

नंतर आलेल्यांनाही इथल्या माणसांनी असंच सामावून घेतलं. हाला म्हणजे केवड्याचा भाऊबंद, त्याचं फळ हे, आणि शेजारी अननस. हाला काहिकी, परदेशी हाला. आणि हा हार मोगऱ्याचा, आपल्याकडचाच मोगरा, इथे त्याला पिकाके म्हणतात, म्हणजे मोर! राजकन्या काइउलानीला मोगरा आणि मोर दोन्ही फार आवडायचे, वायकीकीला तिच्या आइनाहाउच्या बागेत मोर फिरायचे, आणि पक्ष्याचं नाव फुलाला लागलं.

[दृश्य: शाळा, मुलं बोट दाखवून झाडांची नावं सांगतायत]

१८९६ मध्ये शाळांतून इंग्रजीची सक्ती झाली आणि दोन-तीन पिढ्यांत हवाईची भाषा जवळजवळ गेली. १९८४ मध्ये पुनाना लेओ या हवाईच्या भाषेतल्या बालवाड्या सुरू झाल्या, ही मुलं त्याच परंपरेतली.

[दृश्य: वाळलेलं ओहिआचं जंगल, हेलिकॉप्टरवरून]

२०१४ मध्ये या मरणाऱ्या ओहिआंमागे एक बुरशी असल्याचं कळलं, हवाई याच नावाच्या सगळ्यात मोठ्या बेटावर दहा लाखांहून जास्त झाडं गेली. २०१८ मध्ये बुरशीच्या दोन जातींना शास्त्रीय नावं दिली ती हवाईच्या भाषेतूनच, एकीचं नाव लुकुओहिआ, ओहिआचा संहार करणारी.

बुरशी बुटांच्या मातीतून जाते. म्हणून जंगलाच्या वाटेवर हा ब्रश आणि ही स्प्रेची बाटली ठेवलेली आहे, इथे आलात तर आत जाताना आणि बाहेर येताना, दोन्ही वेळा बूट घासून स्प्रे मारा.